इंजिन शेवटी: जुन्या मारुती व्हॅनमध्ये रॅलीचं इंजिन बसवायचं तर

उद्यमनगरात ज्यांच्या लेथवर माझी निम्मी गाडी तयार झाली, त्या टर्नर मामांना मी पहिल्यांदा बेत सांगितला, तेव्हा त्यांनी लेथ बंदसुद्धा केला नाही. "इंजिन काय, बैलगाडीत बी बसवून देतो. थांबिवणार कसं त्ये सांग आधी." मला तेव्हा राग आला होता. सहा महिन्यांनी कळलं की सगळा लेख त्या एका वाक्यात होता. मी कामाला सुरुवात केली ती इंजिनापासून, आणि मग अर्धी गाडी परत खोलावी लागली. तुम्ही उलट करा. पुढे मी जो क्रम दिलाय, तो मी केलेला नाही. मी करायला हवा होता तो आहे.

हा नाद काही आपल्याकडेच उगवलेला नाही. फोर्डने १९७१ साली ट्रान्झिट व्हॅनमध्ये जीटी ४० या रेसिंग गाडीचं ५ लिटरचं व्ही ८ इंजिन घातलं होतं. पोर्शने १९८४ च्या सुमारास फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये ९११ कॅरेराचं ३.२ लिटरचं, २३१ अश्वशक्तीचं इंजिन बसवून मोजक्या गाड्या काढल्या. आपल्या आवाक्यातली गोष्ट साधी आहे. माझी व्हॅन १९८७ ची, म्हणजे जिला लोक पुढे ओम्नी म्हणायला लागले ती. तिचं मूळ इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ३७ च्या आसपास अश्वशक्ती. तिच्यात मी घातलं एस्टीमचं १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन, साधारण ८५ अश्वशक्तीचं. आपल्याकडच्या रॅलीत एस्टीम आणि जिप्सीने वर्षानुवर्षं माती उडवली, ती याच घराण्याच्या इंजिनांवर. सुझुकीच्या स्विफ्ट जीटीआयचं ट्विन कॅम इंजिनही याच घराण्यातलं.

कागदाचं आधी

हे वाचून नाद सोडलात तरी चालेल, पण वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातली माहिती कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करायला गेलात की इंजिन नंबर बघतात, म्हणजे तिथेही अडकणार. विम्याचं तर बोलायलाच नको.

आणखी एक गैरसमज ऐकू येतो: "गाडी जुनी आहे, व्हिंटेजमध्ये नोंदवू." २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी. इंजिन किंवा चासी बदललीत की तो दरवाजा बंद. तुमच्या दारात खरोखर पन्नास वर्षांची व्हॅन उभी असेल, तर कृपा करून तिचं मूळ इंजिनच दुरुस्त करा.

म्हणून माझी व्हॅन रस्त्यावर चालत नाही. ती टेम्पोवर चढून जाते आणि खाजगी माळावर किंवा बंद ट्रॅकवर पळते. मूळ इंजिन पिंपात ग्रीस लावून ठेवलंय.

कुठलं इंजिन घ्यायचं

व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. आपल्याकडच्या बहुतेक चपळ गाड्यांत इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना. त्यामुळे नुसती अश्वशक्ती बघून इंजिन उचलू नका. त्याच्या मागे उभा गिअरबॉक्स लागतो का ते बघा.

माझ्या एका मित्राला जुन्या होंडा सिटीचं १.५ व्हीटेक इंजिन बसवायचं होतं. इंजिन सुंदरच, वाद नाही. पण होंडाची त्या काळची ही इंजिनं इतरांच्या उलट्या दिशेने फिरतात. व्हॅनच्या गिअरबॉक्सला ते जोडलं असतं तर पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला सगळे बाकीचे. त्याने हिशोब कागदावर केला म्हणून वाचला.

सुझुकीच्या घराण्यात राहण्याचा फायदा हा की हेच १.३ इंजिन २००१ साली आलेल्या मारुतीच्याच व्हर्सा व्हॅनमध्ये उभं बसवलेलं होतं. शहाणा माणूस अख्खी भंगारातली व्हर्सा घेईल: इंजिन, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घर), गिअरबॉक्स, गिअरची जोडणी, फाउंडेशन (इंजिन चासीवर धरणाऱ्या पट्ट्या आणि रबर), वायरिंग, सगळं एकाच गाडीचं. मला रॅलीत पळालेलंच इंजिन हवं होतं, हा माझा हट्ट. त्यामुळे इंजिन एस्टीमचं आणि मागचा सगळा संसार व्हर्साचा, अशी जुळवाजुळव झाली. जिप्सीचा गिअरबॉक्सही लागू शकतो, पण त्याची दांडी थेट बॉक्सच्या डोक्यावर येते, आणि व्हॅनमध्ये ड्रायव्हर बसतो पुढे. मग दांडी मागच्या सीटवरच्या पोराच्या हातात.

भंगारातून इंजिन घेताना तीन गोष्टी. एक, इंजिन नंबर असलेलं बिल. नंबर घासलेला दिसला तर फुकट दिलं तरी घेऊ नका. दोन, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब: चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. तीन, इंजेक्शनचं इंजिन असेल तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), त्याची पूर्ण वायरिंग, आणि इमोबिलायझर (चावी ओळखूनच इंजिन सुरू होऊ देणारं कुलूप) असेल तर चावीसकट सगळा संच त्याच गाडीचा. चावी हरवलेला ईसीयू म्हणजे पेपरवेट.

ब्रेक, आणि हे खरंच आधी

गाडी ८० च्या ऐवजी ११० ने पळणार असेल तर थांबवताना ब्रेकला जिरवायची ऊर्जा जवळपास १.९ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून जुनं इंजिन असतानाच ब्रेक बदला आणि माळावर तपासा. जुन्या इंजिनावर ब्रेक चुकला तर गाडी बांधाला लागते. नव्यावर चुकला तर बांध ओलांडते.

चाक काढून पुढे ड्रम आहे की डिस्क ते बघा. ड्रम असेल तर नुसती डिस्क आणून भागत नाही. चाक बसतं तो हब, डिस्क चिमटणारा कॅलिपर आणि ते धरणारा नकल असा पूर्ण संच बसवावा लागतो. मूळ चाक १२ इंची, त्यात मोठा कॅलिपर मावत नाही, मग १३ इंची चाक. एकातून दुसरं निघत जातं, त्याची तयारी ठेवा.

बहुतेक जण इथे चुकतात ते मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्यावर. कॅलिपरचा पिस्टन मोठा आणि मास्टर जुना छोटाच ठेवला, तर पेडल पार खाली जातं. मास्टर फार मोठा घेतला तर पेडल दगडासारखं. ज्या गाडीचा कॅलिपर, तिचाच मास्टर आणि बूस्टर (पेडलला जोर देणारा डबा) घेणं सर्वात सरळ. बूस्टरला इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्युम लागतो. त्या नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह उलटा बसवला तर बूस्टर आहे आणि नाही सारखंच. तो उलटा बसवता येतो. मी बसवला होता.

ब्रेकच्या नळ्या ब्रेकच्याच, स्टीलच्या, तोंडाला दुहेरी घडी मारलेल्या. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी कुणी सुचवली तर त्याचं ऐकू नका. आणि रिकामी व्हॅन मागून अगदी हलकी असते. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गिरकी घेते. मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. मग मातीत ४० च्या वेगाने ब्रेक मारून कुणालातरी बाहेरून बघायला सांगा: पुढची चाकं आधी घसरली पाहिजेत.

जागा मोजणं आणि फाउंडेशन

व्हॅनचं इंजिन खालून निघतं. बॉडी वर उचलावी लागते. चारही बाजूंनी घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका.

माप घ्यायला चालतं इंजिन वापरू नका. भंगारातून फुटका ब्लॉक, रिकामं हेड आणि रिकामा गिअरबॉक्स आणा, ते जोडून त्यालाच इंजिन समजा. दोघे जण सहज उचलतात, वेल्डिंगच्या ठिणग्या पडल्या तरी रडू येत नाही. हा सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर ठेवून मी तीन रविवार नुसता इकडेतिकडे सरकवत होतो. बायको विचारायची, "आज किती सरकलं?" एका रविवारी उत्तर होतं, ६ मिलिमीटर.

बघायचं काय? गाडीचा मध्य काढायला पुढून मागे दोरा ताणा आणि ओळंबा सोडा. इंजिन एखाद्या इंचाने बाजूला चालतं, पण तिरकं चालत नाही. वर सीटचा पत्रा, खाली ऑइलचं चेंबर, बाजूला स्टिअरिंगचा दांडा. इंजिन रबरावर हलतं, म्हणून सगळीकडे निदान दोन बोटं जागा ठेवा. माझ्याकडे हेडचं मागचं टोक पत्र्याला भिडत होतं. पत्रा कापून वर डबा करावा लागला. चेंबर पुढच्या आडव्या पट्टीच्या खाली लोंबायला नको, नाहीतर पहिल्या दगडाला ऑइल जमिनीवर. उंची बसत नाही म्हणून इंजिन कलतं करायचा मोह होतो. कललं की ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंपाची गाळणी वळणावर हवा ओढते. करायचंच असेल तर कलत्या इंजिनाचंच चेंबर लावा.

आडव्या इंजिनाला उभ्या गिअरबॉक्सशी जोडताना क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या तोंडात बघा. उभ्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक तिथे एका छोट्या बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये टेकतं. आडव्या इंजिनात ते असेलच असं नाही. मामांनी पितळी बुश काढून दिला. मी म्हटलं, "जरा सैल चालेल ना?" तर त्यांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला आणि शाफ्टचं टोक चार ठिकाणी मोजायला लावलं. मग स्वतः मोजलं. मग बुश केला.

फाउंडेशनच्या पट्ट्यांना आधी फक्त टाके मारा. चासीला वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही तारा आणि ईसीयू काढून ठेवा. सांगाडा खाली घेऊन परत वर बसवा. सगळे बोल्ट हाताने गेले तरच पूर्ण वेल्डिंग. पान्हा लावून ओढून बसवावं लागत असेल तर पट्टी चुकली आहे. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो, जोर लावलात की आटे हातात येतात.

शाफ्ट

या कामात सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात धोकादायक भाग हाच. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून ताकद मागच्या चाकांकडे नेणारा जुना प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो. तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, कोन. गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट आणि मागच्या हाउसिंगचा (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याचा) पिनियन, म्हणजे शाफ्ट जोडला जातो तो दांडा, एकमेकांना समांतर हवेत. दोन्ही क्रॉसवरचे, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या वळत्या जोडांवरचे, कोन सारखे आणि १ ते ३ अंशांच्या आत. पंधरा-वीस रुपयांच्या प्लास्टिक कोनमापकाला दोरा आणि नट बांधलात तरी मोजता येतं. व्हॅनला मागे पाटे आहेत. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर उठतं. म्हणून उभ्या गाडीत ते एखाद्या अंशाने खाली ठेवा. मोजमाप गाडीचं वजन चाकांवर असताना घ्या, हवेत टांगलेली असताना नाही.

दुसरी, दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे काटे एका सरळ रेषेत. कापून परत वेल्ड करताना एक काटा जरासा फिरला तरी गाडी ५० च्या पुढे थरथरते आणि लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. कापण्याआधी शाफ्टवर लांबीभर खडूची नाही, पंचची खूण करा.

तिसरी, सरकता जोड. गाडी दबली तरी तो पूर्ण आत टेकला नाही पाहिजे. २०-२५ मिलिमीटर शिल्लक ठेवा. वेल्डिंगनंतर शाफ्ट लेथवर फिरवून डायल गेज लावा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नाचला तर परत करा, आणि मग बॅलन्सिंगला पाठवा. शिवाय पुढच्या क्रॉसजवळ शाफ्टभोवती एक लोखंडी कडं लावा. क्रॉस तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक जमिनीत रुतून गाडी उलटी होऊ शकते. कडं असेल तर तो तिथेच खडखडतो.

मागच्या हाउसिंगचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो माहीत नसेल तर एक चाक जमिनीवर, एक वर उचला आणि गिअर न्यूट्रल ठेवा. वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल तो रेशो. हे कळलं की वेग कागदावर काढता येतो. १४५/८० आर १२ टायरचा परीघ साधारण १.६९ मीटर. सरळ गिअरमध्ये, ३,००० आरपीएमला, ५ चा रेशो असेल तर वेग ६१ च्या आसपास, ४ चा असेल तर ७६. जुन्या इंजिनासाठी ठेवलेल्या मोठ्या आकड्याच्या रेशोवर नवं इंजिन उगाच किंचाळत राहतं.

पाणी, पेट्रोल, तारा

सीटखाली कोंडलेलं इंजिन गरम होणारच. मोठा रेडिएटर आणि चांगला पंखा हे सगळेच सांगतात. कुणी सांगत नाही ते हे: रेडिएटरची टोपी हेडपेक्षा खाली असेल तर हवा हेडमध्ये अडकते, पाणी भरल्यासारखं दिसतं आणि काटा मध्येच उडी मारतो. सगळ्यात उंच जागी वेगळी टाकी बसवा, पाणी तिथूनच भरा, हीटर उघडा ठेवा, आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

पेट्रोलच्या बाबतीत कंजुषी करू नका. कार्बोरेटरच्या नळीत दाब नावालाच असतो; इंजेक्शनला ३ बारच्या आसपास. जुनी रबरी नळी यात टिकत नाही, आणि ती फुटणार कुठे, तर गरम सायलेन्सरच्या वर, तुमच्या बुडाखाली. इंजेक्शनची नळी, त्याच दर्जाच्या क्लिपा, परतीची वेगळी लाइन, आणि सीटच्या बाजूला हात पोचेल असा अग्निशामक.

वायरिंगला पूर्ण आठवडा द्या. दात्या गाडीतून तारा काढताना प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा आणि फोटो काढा. मी सगळं केलं आणि एक गोष्ट विसरलो: इंजिनापासून चासीपर्यंतची जाड अर्थची पट्टी. रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं इंजिन चासीपासून तुटलेलं असतं. सेल्फ मारला. सेल्फला लागणारा प्रचंड करंट परतीची वाट शोधायला लागला, आणि त्याला सापडली ॲक्सिलरेटरची केबल. इंजिन सुरू झालं नाही, पण केबल लाल होऊन तिचं प्लास्टिक वितळायला लागलं. आपल्याकडे 'जाळ अन् धूर संगटच' म्हणतात, ते मी स्वतःच्या सीटखाली पाहिलं. पोराने बॅटरीची तार ओढली म्हणून केबलवरच निभावलं. आता पट्ट्या दोन आहेत.

सायलेन्सरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऑक्सिजन सेन्सर पुढच्या पाइपातच ठेवा, सीटखाली उष्णतेचा पत्रा लावा, आणि लवचिक तुकडा घाला, नाहीतर इंजिन हललं की जोड तडकतो.

पहिला सेल्फ

टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, मागचा सील आणि क्लच प्लेट इंजिन बाहेर असतानाच बदला. आत गेल्यावर हेच काम दोन दिवसांचं होतं. मग नवं ऑइल, प्लग काढून टाका, इंजेक्शनचा फ्यूज काढा, आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा. दिवा विझल्याशिवाय प्लग लावू नका. सुरू झालं की रेस करायला पाहुणे आग्रह करतील. करू नका. वीस मिनिटं एका जागी, एकाने काट्याकडे, एकाने गाडीखाली बघायचं.

पहिली फेरी दुसऱ्या गिअरच्या वर नको. थांबून हब, हाउसिंग आणि शाफ्टच्या जोडांना हाताची पाठ लावा. एकच जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथे काहीतरी तिरकं आहे. फाउंडेशन, शाफ्ट आणि ब्रेकच्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवा, नटावरून पट्टीवर जाणारी. रेघ मोडली की नट ढिला झाला, पान्हा न लावता कळतं. माझे पहिल्या दिवशी शाफ्टचे चारपैकी दोन नट हलले होते.

मामांना मी माळावर बोलावून एक चक्कर मारली. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सुटली तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसतं वरचं हँडल धरलं. शेवटाला म्हणाले, "आता मार बरं ब्रेक." गाडी सरळ थांबली. उतरून ते आधी खाली वाकले आणि बेल हाउसिंगच्या खालच्या भोकाकडे बोट दाखवलं. क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइलचा एक थेंब लोंबत होता. सील एस्टीमसोबत आलेला जुनाच ठेवला होता मी, शे-दोनशे रुपये वाचवायला. आता गिअरबॉक्स परत खाली येईल तेव्हा तो बदलणार आहे. तोवर गाडीखाली पुठ्ठा असतो.